गटात हप्ता थकला, त्यावरून बोलणंच बंद झालंय. काय करावं?

कृष्णाकाठ
आमचा ११ जणींचा बचत गट आहे, उमेदमधला, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातला. दर महिन्याच्या १० तारखेला मारुतीच्या देवळात बैठक असते. मी सचिव, लिखाण सगळं माझ्याकडं. गेल्या वर्षी बँकेचं कर्ज उचललं. त्यातले ४० हजार एका सदस्येनं म्हशीसाठी घेतले, तिचा हप्ता १,३०० रुपये. सुरुवातीला तारखेच्या आधी आणून द्यायची. आता तीन हप्ते थकलेत. पहिले दोन आम्ही गटाच्या शिलकेतून भरले. तिसऱ्याला बायका अडून बसल्या, म्हणाल्या आमच्या बचतीतून तिची म्हैस का पोसायची.

इथपर्यंत ठीक होतं. पण गेल्या बैठकीत अध्यक्षबाई सगळ्यांसमोर तिला म्हणाल्या, "पुतण्याच्या लग्नात बोरमाळ घालून मिरवलीस, हप्त्याला तेवढे पैसे नाहीत व्हय?" दोघी-तिघी हसल्या. ती काहीच बोलली नाही. पदर सावरून उठली आणि पायरीवरची चप्पल हातात घेऊन तशीच अनवाणी गेली. तेव्हापासून येत नाही. तिच्या आळीतल्या तिघी पण येत नाहीत. नळावर भेटलो तर मान वळवतात. उरलेल्या सात जणींत आता दोन गट. चौघी म्हणतात नाव कमी करा, दोघी म्हणतात अध्यक्षच बदला.

माझी अडचण सांगते. अध्यक्षबाई माझ्या चुलत जाऊ, थोरल्या. आणि हप्ता थकलेली माझ्याच माहेरची, लहानपणी एका शाळेत होतो. कुणाच्या बाजूनं बोलले तरी दुसरीकडं नातं म्हणूनच मोजलं जातं. गट सात वर्षं चाललाय, त्यातून कितीतरी पोरींची शिक्षणं झाली. मोडू द्यायचा नाही. कुठून सुरुवात करू?

रानवाट
नियम म्हणजे नियम. दंड लावा, नाव कमी करा. एकीला सोडलं की उद्या दुसरी पण थकवणार. आमच्या गटात असंच करून शिस्त आणली.

माजी सहयोगिनी
ताई, मी बरीच वर्षं सहयोगिनी म्हणून गावोगाव गट बांधलेत. रानवाट यांचं म्हणणं पैशापुरतं खरं आहे, पण तुमच्याकडं भांडणं दोन आहेत. एक हप्त्याचं, दुसरं बोरमाळेचं. हप्त्यानं गट मोडताना मी फारसे पाहिले नाहीत. चारचौघींत एकीचा पाणउतारा झाला आणि बाकीच्या गप्प बसल्या, की मोडतात. तिच्या आळीतल्या तिघी काही हप्त्यासाठी घरी बसलेल्या नाहीत, नीट बघा.

म्हणून आधी बोरमाळ, मग हप्ता. उलटं केलंत तर ती पैसे आणून तुमच्या हातावर ठेवेल आणि गट सोडेल.

तिच्या घरी जा, पण वही घेऊन जाऊ नका. वही दिसली की तुम्ही वसुलीला आलात. आणि एकट्या जाऊ नका, नाहीतर माहेरचं नातं म्हणून गेलीस असं दुसरीकडून येईल. त्या तिघींतली एक आणि सीआरपी ताई, म्हणजे गावात गटांचं काम बघणारी उमेदची कार्यकर्ती, यांना बरोबर घ्या. पहिल्या भेटीत पैशाचा विषय तुम्ही काढायचा नाही. तिनं काढला तर ऐका. एक मात्र विचारा, म्हैस दूध देते का. म्हशीवर कर्ज काढलेल्या बाईचा हप्ता थकला की मी आधी गोठा बघायचे, म्हैस आटली असली की दुधाचं बिलही थांबलेलं असायचं. दूध डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी येतं, त्यावर घर चालतं. ते थांबलं की पहिला तडाखा हप्त्याला बसतो.

अध्यक्षबाईंशी मात्र तुम्ही बोलू नका. थोरल्या जावेला धाकटीनं शहाणपण सांगितलेलं आपल्याकडं कुणाला पचत नाही, आणि त्यात त्यांचा तरी काय दोष, रीतच तशी आहे. गटातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला पाठवा. ग्रामसंघातलं, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या संघातलं, कुणी त्यांच्या मानाचं असेल तर आणखी बरं.

पासबुक
बँकेत शाखेचं काम पाहून निवृत्त झालोय, त्या बाजूनं सांगतो. १९९२ मध्ये नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली तेव्हापासून या कर्जाचा पाया एकच, तारण नाही, एकमेकींची हमी. १० लाखांपर्यंत बँक तारण मागू शकत नाही. पण त्याचाच अर्थ असा की बँकेच्या लेखी थकलेली बाई नाहीच. थकलेला गट आहे.

हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीएत, म्हणजे बुडीत धरायच्या कर्जांत जातं. मग पुढचं कर्ज सगळ्यांचंच अडतं, व्याजातली सवलतही नियमित परतफेडीवर असते. म्हणून भांडण मिटायची वाट न बघता तिसरा हप्ता आजच भरा. १,३०० रुपये आहेत, त्यासाठी अकरा जणींची पत घालवू नका.

मात्र शिलकेतून नुसते भरू नका. ३,९०० रुपये तिला दिलेलं अंतर्गत कर्ज म्हणून धरा, ठराव करा, तिची सही घ्या. आधीच्या दोन हप्त्यांची नुसती नोंद असेल तर त्यानंच बायकांच्या पोटात दुखतंय. आपली बचत कुणीतरी फुकट वापरतंय असं वाटतं. ते कर्ज आहे, त्यावर गटाचं व्याज मिळतंय, हे वहीत दिसलं की निम्म्या शांत होतील. आणि नाव कमी करण्याबद्दल: हमी अकरा जणींची आहे. एकीला काढलंत तरी तिची बाकी बँक तुमच्याकडूनच घेणार. वर ती गटात नसल्यानं तिला बोलवायचा हक्कही गेला. रानवाट, यात शिस्त नाही, तोटा आहे.

रानवाट
आमच्याकडं बँकेचं कर्ज नव्हतं, नुसती बचत होती. हमीचा मुद्दा मान्य. पण दंड घ्याच. वेळेवर भरणाऱ्यांनी काय पाप केलं?

माजी सहयोगिनी
दंड घ्या, जो सगळ्यांना असतो तोच. तिच्यासाठी वेगळा, वाढीव काही नको.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. तिसरा हप्ता भरला. काल संध्याकाळी सीआरपी ताई आणि त्या तिघींतली एक घेऊन तिच्याकडं गेले. चहा झाला, पोरांचं विचारलं. म्हैस खरंच आटलीय, गाभण आहे, पुढच्या महिन्यात वेणार. त्यात कारखान्याकडनं उसाचं बिल आलेलं नाही. चौदा दिवसांत द्यायचा नियम आहे, इथं महिने होतात. हे ती बैठकीत का बोलली नाही विचारलं तर म्हणाली, "सांगायचंच होतं. पण आधी बोरमाळ निघाली."

बोरमाळ एक ग्रॅमची होती, नुसता सोन्याचा मुलामा. आत जाऊन डबीच आणून पुढ्यात ठेवली. सोबतची बाई म्हणाली, हे बैठकीत सगळ्यांना दाखवू, म्हणजे अध्यक्षबाईंचं तोंड बंद होईल.

माजी सहयोगिनी
नका दाखवू. हात जोडून सांगते. दागिना खोटा निघाला म्हणून तिचा अपमान चुकीचा ठरत नाही. सोन्याची असती तरी बाईनं लग्नात घालायची नाही का? तो दागिना पुढं केलात तर उद्यापासून प्रत्येकीला हप्ता चुकला की गळा दाखवावा लागेल. शिवाय अध्यक्षबाई सगळ्यांत तोंडावर पडतील आणि मग त्या गटात राहणार नाहीत. सात वर्षं बँकेच्या खेपा घालणारी बाई आहे ती, तीही तुम्हाला हवीच आहे.

त्यांनी एवढंच म्हणावं, "त्या दिवशी मी बोलायला नको होतं." बोलल्या त्याच देवळात, बैठक सुरू होताना. कारण द्यायचं नाही, पुढं "पण" जोडायचा नाही.

कृष्णाकाठ
डबी दाखवणार नाही, सोबतच्या बाईलाही समजावलं. अध्यक्षबाई अजून तयार नाहीत. आमच्यातल्या थोरल्या मावशी दोनदा जाऊन आल्या. पहिल्यांदा त्यांनी विषयच बदलला. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "ती बैठकीला आली तर बघू." आणि ती म्हणते, त्या बोलणार असतील तर येते. मावशी म्हणतात १० तारखेला मी स्वतः तिचा हात धरून आणते, पुढचं देवळात बघू. पासबुक दादा, तोवर ठराव कसा लिहायचा ते सांगा. ती म्हणते म्हैस व्याल्यावर दर दहा दिवसांच्या बिलातून थोडं थोडं देईन.

पासबुक
असा लिहा: "सदस्या क्र. ___ यांचे बँक कर्जाचे तीन हप्ते, एकूण रु. ३,९००, गटाच्या शिलकेतून भरले असून ती रक्कम त्यांना अंतर्गत कर्ज म्हणून गटाच्या नेहमीच्या व्याजदराने दिली आहे. चालू हप्ता रु. १,३०० त्यांनी नियमित भरावा. अंतर्गत कर्जापोटी म्हैस व्याल्यानंतरच्या पहिल्या दूध बिलापासून प्रत्येक बिलातून रु. २०० द्यावेत. नियमाप्रमाणे दंड लागू." म्हैस वेईपर्यंतचा एखादा हप्ता जमणार नसेल तर तेही आत्ताच त्याच ठरावात घाला, नंतर नको. सूचक म्हणून अध्यक्षबाईंचं नाव सुचवून बघा. अनुमोदक तिच्या आळीतली हवी. खाली तिची सही, मग सगळ्यांच्या.