प्रतिसाद: तीच गाणी रोज त्याच वेळी का लागतात?

नाशिकच्या तुमच्या रेडिओ केंद्रावर संगणकातलं सॉफ्टवेअर गाणी लावतं, आणि तिथे दोन अडचणी आहेत: रोज ठरावीक वेळी तेच गाणं लागतं, आणि 6 वाजताचा द्राक्षबागांचा हवामान निरोप गाणं मधेच तोडून सुरू होतो.

पहिलीचं कारण साधा हिशेब. सॉफ्टवेअरमधल्या गाण्यांच्या एका वर्गात (गटात) 24 गाणी, त्यातली तासाला 4, प्रसारण 24 तास. म्हणजे फेरी बरोबर 6 तासांची, दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे. वर्गात 23 किंवा 25 गाणी ठेवा, फेरी रोज आपोआप सरकेल. गायकाचं नावही तपासा. एका फाईलवर 'लता', दुसरीवर 'लता मंगेशकर' असेल तर सॉफ्टवेअर ते दोन गायक धरतं आणि त्यांची गाणी लागोपाठ वाजवू शकतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण पहिलं हेच करा, बाकी सेटिंग नंतर.

दुसरीसाठी, निरोपाआधीच्या शेवटच्या 10 मिनिटांत छोटी गाणी लावा आणि त्यानंतर 2-3 मिनिटांची वाद्यधून. मध्येच कापली तरी कानाला खटकत नाही. संगणकाचं घड्याळ इंटरनेटच्या वेळेशी जुळलेलं हवं, नाहीतर सगळं वाया.

प्रसारणाला वेगळं साउंड कार्ड (संगणकाचा आवाज बाहेर देणारा भाग) द्या. नाहीतर विंडोजची 'टिंग' थेट हवेत जाते. 15 सेकंद शांतता झाली की राखीव यादी सुरू होईल अशी सोय करा. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतताच संगणक चालू होण्याचा पर्याय निवडा, आणि एकदा प्लग काढून खरंच चालू होतो का ते बघा.