'दॅन'नंतरचा काळ: पाठ करायचा की समजून घ्यायचा?

काळवेळ: इंग्रजी व्याकरणाच्या चाचण्यांसाठी 'वाक्प्रयोगांच्या याद्या पाठ करा' हा सल्ला मला घातक वाटतो. तुलनेची वाक्यं आपली का चुकतात ते बघा. 'दहा वर्षांपूर्वीपेक्षा नदी आता उथळ आहे' म्हटलं की मराठीत काम झालं. 'पेक्षा' थेट शब्दाला चिकटतं, पुन्हा क्रियापद लागत नाही. मग त्याच्या काळाचा प्रश्न येतो कुठून? इंग्रजीत 'दॅन'नंतर अख्खं दुसरं वाक्य उभं राहू शकतं आणि त्याला स्वतःचा काळ असतो. 'द रिव्हर इज शॅलोअर नाउ दॅन... टेन इयर्स अगो' यात 'इट इज', 'इट हॅज बीन', 'इट वॉज' असे पर्याय दिले की पुष्कळ मुलं आधीच्या 'इज'शी जुळवायला 'इट इज' घेतात. दोन्हीकडे काळ सारखा हवा, हे कुठूनतरी पाठ केलेलं असतं. पण 'अगो' आलं की साधा भूतकाळ. उत्तर 'इट वॉज'.

शब्दसाठा: सपशेल असहमत. काळ समजेल हो, पण 'प्रिफर'नंतर 'टू' का, हे कुठल्या तर्कानं काढणार? आपल्याकडे सगळीकडे एकच 'पेक्षा', म्हणून हात आपोआप 'दॅन'कडे जातो. 'डिफरंट'चंही तेच, अमेरिकेत 'डिफरंट दॅन' सर्रास बोलतात, चाचणीत मात्र 'फ्रॉम' धरतात. वीस-पंचवीस प्रयोग वहीत लिहून रोज वाचले तेव्हा कुठे माझा हात बसला. घोकंपट्टीला नावं ठेवणं सोपं आहे.

अर्धविराम: 'सीनियर', 'सुपीरियर' हे शब्द लॅटिनमधून तुलनेचं रूप घेऊनच आलेत, म्हणून त्यांना 'टू'. कारण कळलं की यादी आपोआप लहान होते. आणि हे वाक्य घ्या: 'ही लव्ह्ज म्यूझिक मोअर दॅन हिज वाइफ'. त्याला बायकोपेक्षा संगीत प्रिय, की बायकोला आहे त्याहून त्याला संगीत जास्त प्रिय? शेवटी 'डझ' लावला की दुसरा अर्थ पक्का होतो. हे कुठल्या यादीत सापडेल?

शब्दसाठा: 'डझ'चं मान्य. जीमॅटच्या (एमबीएसारख्या अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा) २०२३ मध्ये आलेल्या आवृत्तीत वाक्यदुरुस्तीचे प्रश्न उरलेच नाहीत, ते सोडा. बाकी चाचण्यांत घड्याळ डोक्यावर असतं. तिथे लॅटिन आठवत बसायचं का?

काळवेळ: घड्याळाचं खरं आहे. तरी 'प्राइसेस रोज फास्टर दॅन दे एव्हर हॅड बिफोर' बघा. भाव वाढले हे भूतकाळातलं, 'पूर्वी कधीही' त्याच्याही मागचं, म्हणून 'हॅड'. तुमच्या वहीत हे कोणत्या शब्दाखाली लिहिलं असतं?