'मिल्क इजेक्शन बर्स्ट'ला मराठीत काय म्हणावे? पान्हा, फैर, उद्रेक

दुभाषी
शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकासाठी विचारतो आहे. पिल्ले दूध पीत असताना आईच्या मेंदूतल्या ऑक्सिटोसिन (दूध उतरवणारे संप्रेरक) सोडणाऱ्या पेशी थोडा वेळ प्रचंड वेगाने विद्युत्स्पंद सोडतात. त्या घटनेला मसुद्यात 'दुग्धस्राव-स्फोट' म्हटले आहे आणि ते खटकते. 'दुग्धोद्रेक' बरा वाटतो का? की सरळ 'पान्हा'च म्हणावे?

चेतापेशी
'दुग्धस्राव-स्फोट'मधले दोन्ही तुकडे चुकतात. दुग्धस्राव म्हणजे ग्रंथीत दूध तयार होऊन कोषांत साठणे. ते मुख्यतः प्रोलॅक्टिन या दुसऱ्या संप्रेरकाचे काम, आणि ते तासन्‌तास चालते. इथे तयार असलेले दूध कोषांभोवतीच्या आकुंचनशील पेशी पिळून नलिकांत ढकलतात, तेही काही सेकंदांत. 'स्फोट' म्हटले की विध्वंस डोळ्यांसमोर येतो. 'दुग्धोद्रेक'मध्ये तर उद्रेक दुधाचा होतो, पेशींच्या स्पंदांचा नाही.

शब्द ठरवण्याआधी घटना पाहा. हे आकडे रॅटचे आहेत, कारण सर्वांत जुन्या आणि नेमक्या नोंदी त्याच प्राण्यातल्या. वेकर्ली आणि लिंकन यांनी १९७३–७४ मध्ये त्या घेतल्या. एरवी ही पेशी सेकंदाला १ ते ३ स्पंद सोडते. मग अचानक २ ते ४ सेकंदांत ७०–८० स्पंद जातात. शिखरावर वेग सेकंदाला ५० किंवा त्याहून जास्त, म्हणजे मूळ वेगाच्या २० ते ४० पट. त्यानंतर काही सेकंद पेशी गप्प. पिल्ले सतत चोखत असली तरी असे साधारण ५ ते १० मिनिटांतून एकदाच घडते.

यासाठी 'फैर' हा शब्द मला चपखल वाटतो. फैर झाडली जाते, थोडा वेळ टिकते, थांबते आणि पुन्हा झाडली जाते. एकटा स्पंद म्हणजे 'क्रियाविभव', आणि दाट स्पंदांची छोटी मालिका म्हणजे 'फैर'.

गोठेकरी
'पान्हा' घरगुती आहे म्हणून टाकू नका. तो नेमका आहे. मूळ संस्कृत 'प्रस्नव', प्राकृत 'पण्हव'. दूध असणे आणि पान्हा येणे या मराठीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कास भरलेली असते, तरी गाय पान्हवत नाही. विज्ञानाला हवा तो भेद भाषेत आधीच आहे.

मात्र पान्हा म्हणजे शेवटचा परिणाम, पेशीतली विद्युत्घटना नव्हे. दोहोंच्या मध्ये बराच वेळ जातो.

चेतापेशी
अगदी बरोबर, आणि अनुवादात हीच जागा घसरते. रॅटमध्ये फैर सुरू झाल्यापासून ग्रंथीतला दाब वाढेपर्यंत १० ते १२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ऑक्सिटोसिन मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीच्या मागच्या (पश्च) भागातून रक्तात उतरते, हृदयातून फिरून दुग्धग्रंथीपर्यंत पोचते आणि तिथल्या पेशी आकुंचन पावतात. म्हणून 'पान्हा येताना पेशी फैर झाडतात' असे लिहू नये. 'फैर झाली की काही सेकंदांनी पान्हा येतो' असे लिहावे.

प्रयोगाचे वर्णन अनुवादात असेल तर मांडणीही सांगून ठेवतो. युरेथेनने बेशुद्ध केलेली आई, सडांना लागलेली सुमारे १० पिल्ले, एका ग्रंथीच्या नलिकेत दाबमापक नळी, मेंदूत सूक्ष्म काचनळीचा विद्युदग्र (इलेक्ट्रोड) आणि पोष ग्रंथीच्या देठात किंवा पश्च भागात उत्तेजक विद्युदग्र. मागून उत्तेजित केलेला स्पंद ठरावीक विलंबाने पेशीपर्यंत आला, आणि पेशीच्या स्वतःच्या स्पंदाशी टक्कर होऊन तो नाहीसा झाला, की समजायचे ही पेशी पोष ग्रंथीपर्यंत तंतू पाठवते. याला मी 'टक्कर-चाचणी' म्हणतो. शेवटी शिरेतून १ मिलियुनिटच्या आसपास ऑक्सिटोसिन देऊन दाबाचा चढ तुलनेसाठी नोंदवतात. पिल्ले फार कमी ठेवली तर फैरी विरळ होतात किंवा येतच नाहीत, आणि मग 'पेशी प्रतिसाद देत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

कोशकार
एक शंका. टक्कर-चाचणीने पेशी ऑक्सिटोसिनची आहे हे कसे कळते? शेजारच्या व्हॅसोप्रेसिन या दुसऱ्या संप्रेरकाच्या पेशीही तिथेच तंतू पाठवतात.

चेतापेशी
कळत नाही. ती चाचणी फक्त 'पोष ग्रंथीकडे जाणारी पेशी' एवढेच सांगते. पुढची ओळख स्पंदांच्या रीतीवरून होते. व्हॅसोप्रेसिनच्या पेशी वीस-तीस सेकंदांचे किंवा त्याहून लांब टप्पे घेतात, वेग मध्यम, मग तेवढीच शांतता. आणि प्रत्येकीचा टप्पा स्वतंत्र. त्या टप्प्यांनाही इंग्रजीत 'बर्स्ट' म्हणतात, म्हणून मराठीत दोघांना 'फैर' म्हटले तर सगळा गोंधळ. व्हॅसोप्रेसिनसाठी 'टप्पा' आणि 'टप्प्याटप्प्याने' ठेवा.

दुसरी खूण म्हणजे शिरेतून कोलेसिस्टोकायनिन हे आतड्यातले संप्रेरक देणे. ऑक्सिटोसिनच्या पेशींचा वेग वाढतो, व्हॅसोप्रेसिनच्या पेशींचा वाढत नाही.

दुभाषी
मूळ मजकुरात 'सिंक्रोनस' आहे. 'एकाच क्षणी' लिहू?

चेतापेशी
नको. 'जवळजवळ एकाच वेळी' लिहा. मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या सुप्राऑप्टिक आणि पॅराव्हेंट्रिक्युलर समूहांतल्या पेशी काही शतांश मिलिसेकंदांच्या नव्हे, काही शे मिलिसेकंदांच्या फरकाने फैर झाडतात. 'एकाच क्षणी' म्हटले की वाचकाला वाटेल, पेशी तारेने जोडलेल्या आहेत. चोखण्याचा संदेश तर लागतोच, पण पेशींना एकत्र आणण्यात मेंदूत झिरपणाऱ्या ऑक्सिटोसिनचा मोठा हात आहे. पेशीच्या वृक्षिकांमधून (फांद्यांसारख्या शाखांमधून) ते बाहेर पडते आणि आसपासच्या ऑक्सिटोसिन पेशींनाच चेतवते. मेंदूतल्या पोकळीत थोडे ऑक्सिटोसिन दिले तर फैरी वारंवार येतात. त्याचा विरोधक दिला तर थांबतात.

आणि हो, या समूहांना 'केंद्रक' म्हणू नका. पेशीच्या आतल्या केंद्रकाशी घोळ होतो. 'पेशीसमूह' पुरे.

कोशकार
मोजणीतली आणखी एक अडचण लक्षात ठेवावी. फैरीत स्पंद इतके दाट येतात की प्रत्येकाचा आकार बदलतो, तो रुंदावतो. आकारावरून स्पंद ओळखणारी यंत्रणा काही स्पंद गाळते आणि आकडा कमी येतो. म्हणून '७०–८०' या आकड्यापुढे 'सुमारे' हवेच.

शिवाय अलीकडे जागत्या, मोकळ्या माऊसमध्ये प्रकाशतंतूने पेशींतली कॅल्शियमची चमक मोजतात. त्या आलेखावरच्या उंचवट्याला 'फैर' म्हणू नये. तो स्पंदांचा मागोवा आहे, खुद्द स्पंद नव्हेत, आणि तो फैरीपेक्षा जास्त वेळ टिकतो. 'कॅल्शियम-लाट' म्हणा. मराठीत रॅट आणि माऊस दोघेही उंदीरच, म्हणून प्राण्याचे नाव लिहिताना आळस करू नका.

गोठेकरी
'पान्हा चोरणे' हा वाक्प्रयोग मात्र पाठ्यपुस्तकात जपून वापरावा, कारण त्यातून गाईचा हेतू सूचित होतो. पान्हा अडण्याचे कारण दोन ठिकाणी असू शकते. मेंदूतून ऑक्सिटोसिनच सुटले नाही, हे एक. अनोळखी जागेत, अनोळखी हाताने पिळताना असे होते. किंवा ते सुटले, पण अ‍ॅड्रेनॅलिनमुळे कासेतल्या रक्तवाहिन्या आकसल्या आणि परिणाम झाला नाही. ईली आणि पीटरसन यांनी १९४१ मध्ये कासेच्या अर्ध्या भागाच्या नसा तोडून दाखवले की दूध उतरवणारा संदेश कासेपर्यंत रक्तातून येतो. ओळखायचे असे: पशुवैद्याने ऑक्सिटोसिन टोचल्यावर दूध उतरले तर अडथळा वर मेंदूत, नाही उतरले तर खाली कासेत. पहिल्याला 'फैर न होणे' म्हणता येईल, दुसऱ्याला 'पान्हा दबणे'.

दुभाषी
मग तक्त्यात असे टाकतो: 'फैर' पेशीची, 'पान्हा' ग्रंथीचा, आणि संपूर्ण साखळीला 'पान्ह्याची प्रतिक्षिप्त क्रिया'. स्त्रियांबद्दलच्या परिच्छेदातही हेच शब्द चालतील ना?

चेतापेशी
'पान्हा' चालेल. 'फैर' तिथे रॅटच्या आकड्यांसह लिहू नका. स्त्रियांमध्ये रक्तातले ऑक्सिटोसिन मोजतात. ते उसळ्यांनी वाढते, कधी बाळ रडताच, चोखण्याच्या आधीच. तिथे 'उसळी' लिहा.