प्रति: इंग्रजी इंटरव्ह्यूची उत्तरं पाठ करावीत का?
वर ताईंनी विचारलंय की डिचोलीच्या त्यांच्या भाचीचा वेर्ण्याला फार्मा कंपनीत इंटरव्ह्यू आहे, उत्तरं पाठ करून घेऊ का, आणि बऱ्याच जणांनी हो म्हटलंय. मला ते अजिबात पटत नाही. पाठ केलेलं वाक्य मधे तुटलं की पुढचं सगळं जातं. वाक्यं नको, मुद्दे पाठ करायला सांगा.

'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटलं की आपली मुलं वडलांचं नाव, गाव, घरात किती माणसं इथून सुरू करतात, ते बायोडेटात असतंच हो. शिक्षण, काय काम केलंय आणि हीच नोकरी का, एक-दीड मिनिटात बस. केमिस्ट्रीवाली असेल आणि कॉलेजात टायट्रेशन, एचपीएलसी वगैरे लॅबमधल्या तपासण्या स्वतः केल्या असतील तर नाव घेऊन सांगू दे, क्यूसीवाले, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणारे, नेमकं तिथेच पुढचं विचारतात.

अडचणीतून मार्ग कसा काढला असं विचारलं तर स्टार पद्धत, म्हणजे प्रसंग काय, आपल्यावर काय जबाबदारी होती, आपण काय केलं, शेवटी काय झालं. नोकरीचा अनुभव नसला तरी चालतं, गावच्या शिगम्याचा हिशोब सांभाळला असेल तर तोही सांगता येतो, फक्त 'वी' (आम्ही) कमी आणि 'आय' (मी) जास्त.

वीकनेस खरा सांगावा पण त्यावर काय करतेय तेही लगेच जोडावं. आणि प्रश्न कळला नाही तर 'कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?' बिनधास्त म्हणावं, त्याचे मार्क कोणी कापत नाही.