अख्ख्या धान्यांचा रोजचा शाकाहारी स्वयंपाक कसा बेतावा?

विश्रामबागकर (सांगली)
नमस्कार. आमच्या घरी सासूबाई, नोकरी करणारे आम्ही दोघे आणि सातवीतला मुलगा असे चौघे जण असून घरात पूर्ण शाकाहार आहे. मैदा आणि पांढरा तांदूळ कमी करून ज्वारी, बाजरी, नाचणी यांवर स्वयंपाक बेतावा असे दिवाळीनंतर ठरले आणि त्यासाठी सात धान्ये एकत्र दळून आणली. त्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरते, मुलाला तिची चव रुचत नाही आणि सासूबाईंना ती चावत नाही. शिवाय दुपारी भाकरी, बटाट्याची भाजी आणि आमटी असे पोटभर जेवूनही चार वाजता पुन्हा भूक लागते. सकाळी तासाभरात उरकेल आणि चौघांना एकच स्वयंपाक चालेल, अशी आखणी कशी करावी? खपली गहू सगळीकडे सुचवला जातो. तो महाग असूनही घ्यावा का?

माणदेशी (दहिवडी, जि. सातारा)
ते सात धान्यांचे पीठ थालीपिठे लावून संपवावे आणि पुन्हा आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी यांत गव्हासारखे ग्लूटेन (कणकेला ताण देणारे प्रथिन) नसते. भाकरीला जो चिकटपणा येतो तो उकळत्या पाण्यात पिठातले पिष्ट फुगल्यामुळे येतो. प्रत्येक धान्य पाणी कमीअधिक ओढत असल्याने मिश्र पिठाचा अंदाज रोज चुकतो, आणि त्यात सोयाबीन किंवा हरभरा पडला असेल तर भाकरी चिरणारच.

रोजच्यासाठी रब्बीचा शाळू, म्हणजे रब्बी हंगामातली ज्वारी घ्यावी, त्यातले मालदांडी वाण मिळाल्यास उत्तम. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेला हा शाळू जमिनीतल्या ओलीवर वाढतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरड्या हवेत निघतो, म्हणून त्याचा दाणा टपोरा आणि पांढरा राहतो. खरिपाची ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली की काळी पडते. दळण आठवड्यापुरतेच आणावे, कारण पीठ विरी गेले, म्हणजे जुने होऊन त्याचा चिकटपणा गेला, की कितीही मळले तरी भाकरी तुटते. बाजरीत स्निग्धांश जास्त असल्याने तिचे पीठ त्याहून लवकर कडू होते, तेव्हा ती थंडीत आणि थोडी-थोडीच दळावी. पाण्याला उकळी आल्यावर मीठ घालून त्यात पीठ सोडावे, गॅस बंद करून झाकण ठेवावे आणि हाताला सोसेल इतके निवल्यावर परातीत चांगले रगडावे. या उकडीची भाकरी नवशिक्यालाही जमते, किंबहुना लाटताही येते.

सासूबाईंसाठी वेगळा स्वयंपाक नको. ज्वारीचा जाडसर भरडा काढून ठेवावा आणि त्याच्या कण्या मऊ शिजवून ताकाबरोबर द्याव्यात. अंबाडीच्या भाजीत कण्या आणि तूरडाळ एकत्र शिजवली तर ते सगळ्यांचेच जेवण होते.

आहारसल्लागार (सातारा)
भाकरीविषयी वर उत्तम लिहिले आहे, परंतु चार वाजताच्या भुकेचे कारण भाकरीत नसून तिच्या शेजारी आहे, असे मला वाटते. धान्य बदलले तरी ताटातले प्रमाण बदललेले नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार २००० कॅलरींच्या शाकाहारी आहारात दिवसाला साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या आणि ३०० मिलिलिटर दूध असावे. चार मोठ्या माणसांसाठी हा हिशेब केला तर कोरड्या डाळी-कडधान्यांचेच सुमारे ३४० ग्रॅम होतात. आपल्याकडे मात्र वाटीभर तूरडाळीच्या पातळ आमटीत दोन्ही वेळा भागवले जाते आणि उरलेली जागा भाकरी व बटाटा भरून काढतात. सर्व धान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे शरीराला आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि ते डाळी-कडधान्यांत भरपूर असते, म्हणून ज्वारी कितीही चांगली असली तरी ती उसळीची जागा घेऊ शकत नाही.

यासाठी बाहेरून काही मागवावे लागत नाही. मटकी आहे, हुलगे (कुळीथ) आहेत, कोरेगाव भागातला भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा आहे. रात्री भिजवून मोड आणले की लोह अडवून ठेवणारे फायटिक आम्ल कमी होऊन लोह अधिक शोषले जाते. वर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागूनच चहा घेऊ नये. नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, त्यामुळे वाढत्या मुलाला ती आठवड्यातून दोन-तीनदा जावी. आणि बटाटा भाजीत मोजू नये.

कृष्णाकाठ (मिरज)
वजनकाटा घेऊन संसार होत नाही. एका भाकरीमागे एक वाटी घट्ट उसळ किंवा डाळ आणि तितकीच भाजी, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. आमच्याकडे रविवारी दोन कडधान्ये भिजतात आणि मोड आल्यावर डब्यात भरून फ्रिजमध्ये जातात, त्यामुळे सकाळी फक्त फोडणी उरते. धान्य दिवसागणिक बदलावे, एकाच पिठात कोंबू नये: बहुतेक दिवस शाळू, मधे एखादा दिवस हातसडीच्या तांदळाची मुगाची खिचडी, आणि दमून आलेल्या संध्याकाळी हुलग्याचे माडगे (पिठाचे पातळ कढण).

खपलीबद्दल सांगायचे तर ती आमच्या नदीकाठच्या रानात पूर्वापार होते आणि रात्रभर भिजवून, कांडून केलेल्या तिच्या खिरीला दुसऱ्या गव्हाची सर नाही. सणाला किलोभर जरूर आणावी. परंतु तिच्यात ग्लूटेन नाही असे जे विक्रेते सांगतात ते चुकीचे आहे; खपली हा गहूच आहे आणि ज्यांना सिलिअ‍ॅक आजार (ग्लूटेन न चालणारा आतड्याचा विकार) आहे त्यांनी ती खाऊ नये. रोजच्या पोळीसाठी साधा गहू कोंडा न काढता दळला तरी तो अख्ख्या धान्याचाच होतो, मग दुप्पट-तिप्पट पैसे कशाला मोजायचे?

विश्रामबागकर
सर्वांचे आभार. उसळ वाढवण्याचे तातडीने मनावर घेतो. एकच शंका उरली: डब्यात भाकरी दुपारपर्यंत वातड होते आणि मुलगा ती तशीच परत आणतो.

माणदेशी
डब्यासाठी भाकरीऐवजी दशमी करावी. ज्वारीच्या पिठात थोडी कणीक घालून पाण्याऐवजी दुधात मळावे आणि पातळ लाटून भाजावे. ती संध्याकाळपर्यंत मऊ राहते. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कोरडी मटकी द्यावी. नाचणीसाठी तीन वाट्या पिठाला एक वाटी उडीद भिजवून वाटून मिसळावी, रात्रभर आंबवावे आणि सकाळी डोसे घालावेत. त्याला नाचणी असल्याचे आधी सांगू नये.