बाळंतीण बहिणीला झोप नाही, सारखी रडते. मदत हवी आहे

सीमेवरची_ताई: धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आलीय, खानापूरकडं. बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागत नाही. "मला जमणार नाही, बाळाला कुणाच्या तरी पदरात घाला" म्हणते. आई म्हणते अशक्तपणा आहे. मला नाही पटत. हे कुणाला होतं, का होतं? लवकर सांगा.

चिक्कोडीकर: बाळ केवढं? नॉर्मल की सिझर? पूर्वी असं झालं होतं का? काहीच लिहिलं नाही तुम्ही.

निपाणीची_काकू: वारं लागलं असणार. शेक-शेगडी होते की नाही? कान बांधा, अळिवाची खीर द्या. माझ्या दोन्ही सुना ह्याच्यावरच उभ्या राहिल्या बघा.

नर्सबाई_बेळगाव: काकू, खीर द्या की, पण बाळ नकोसं वाटणं खिरीनं जात नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारं रडू दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढं राहिलं तर डॉक्टरच. ताई, मुलगी झाली का? गोव्यात झालेल्या २००२ च्या अभ्यासात पैशाची ओढाताण, नवरा-बायकोचं न पटणं आणि मुलगी होणं, तिन्हींचा बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनशी संबंध दिसला होता. पूर्वीचं डिप्रेशन असेल तर धोका खूपच वाढतो.

निपाणीची_काकू: आमच्यात मुलगी झाली म्हणून कोण बोलत नाही.

नर्सबाई_बेळगाव: बोलत नसतील. पेढे वाटायचे राहतात, ते तिला दिसतंच की.

गोकाककर: जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करा, नंतर शुल्क पडतं.

येळ्ळूरवाला: दाखलाही कानडीत मिळतो. मराठी माणसानं दवाखान्यात बोलायचं तरी कसं?

चिक्कोडीकर: त्याला वेगळा धागा काढा ओ. ताई, उत्तर द्या.

सीमेवरची_ताई: महिना उलटला. मुलगी, सिझर. वजन कमी म्हणून पेटीत होती. लग्नाआधी बहिणीला धारवाडला दाखवलं होतं, गोळ्या होत्या. दिवस गेल्यावर तिनं आपणहून सोडल्या. सासरी माहीत नाही. काल म्हणाली, मी नसले तरी बाळ वाढेल.

नर्सबाई_बेळगाव: ताई, आता थांबू नका. तिला क्षणभरही एकटी सोडू नका, आजच न्या. बेळगावात बिम्स हे सरकारी इस्पितळ, किंवा थेट धारवाडचं डिमहान्स, मनाच्या आजारांचं सरकारी इस्पितळ. निघेपर्यंत १४४१६ ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत. भलतंच बोलू लागली, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणाली, तर सरळ कॅज्युअल्टी. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. जुन्या गोळ्या मनानं सुरू करू नका.

निपाणीची_काकू: गोळ्यांनी दूध आटतं, बाळाला बाधतं.

नर्सबाई_बेळगाव: सगळ्या गोळ्यांचं तसं नसतं. सर्ट्रालिन हे डिप्रेशनवरचं औषध दुधात फार थोडं उतरतं, पाजणाऱ्या आयांना डॉक्टर देतात. कुठली द्यायची ते त्यांना ठरवू द्या.

सीमेवरची_ताई: गाडी सांगितलीय. सासरी काय सांगू?

चिक्कोडीकर: सासरचं नंतर बघू. धारवाडची जुनी चिठ्ठी सापडली का? ती बरोबर घ्या.