जॉन रटर : वीस मिनिटांची ओळख आणि एक-दोन रचना, मदत हवी

आल्टो_नाशिक :
डिसेंबरमध्ये शरणपूर रोडवरच्या एका चर्चमध्ये आमच्या क्वायरचा (समूहगायकांचा) तासाभराचा कार्यक्रम आहे. त्यात इंग्लिश संगीतकार जॉन रटर यांच्या कारकिर्दीवर वीस मिनिटं बोलायचं आहे आणि त्यांची एक-दोन गाणी म्हणायची आहेत. गायक २२ : सोप्रानो (स्त्रियांचा उंच आवाज) ९, आल्टो (स्त्रियांचा खालचा) ७, टेनर (पुरुषांचा उंच) फक्त २, बास (पुरुषांचा खालचा) ४. साथीला एक कीबोर्ड. बोलताना कशावर भर द्यावा? कोणती रचना झेपेल? 'द लॉर्ड ब्लेस यू अँड कीप यू' सगळ्यांना आवडलंय, पण सहा फ्लॅट (स्वर अर्ध्या पायरीने उतरवणारी चिन्हं) बघून कीबोर्डवाले नको म्हणताहेत. स्वरलिपीच्या झेरॉक्स चालतात का, हेही सांगा.

स्वरलेखक :
जन्म, शाळा, पुरस्कार असं ओळीने सांगत गेलात तर ऐकणाऱ्यांच्या हाती काही लागणार नाही. त्यांची कारकीर्द एका गोष्टीवर उभी आहे : हौशी क्वायर किती आणि काय गाऊ शकते याची नेमकी जाण. बाकी सगळं त्याभोवती गुंफा.

जन्म १९४५, लंडन. हायगेट शाळेत पुढे संगीतकार झालेले जॉन टॅव्हनर त्यांच्याबरोबर शिकत होते. संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी स्वतः संचालन केलेल्या त्यांच्या 'वॉर रेक्विएम'च्या (रेक्विएम म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेवरची रचना) ध्वनिमुद्रणात शाळेची क्वायर होती आणि त्यात रटर गायले. पुढे केंब्रिजचं क्लेअर कॉलेज. तिथे विद्यार्थी असतानाच केंब्रिजमधले क्वायर-संचालक डेव्हिड विलकॉक्स यांनी त्यांची ख्रिसमस कॅरल्स पाहिली आणि ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे नेली. हे वळण सविस्तर सांगा. शिक्षण संपण्याआधी प्रकाशक मिळाला आणि तोच आयुष्यभर राहिला. १९७० मध्ये 'कॅरल्स फॉर क्वायर्स' या कॅरल-संग्रहाच्या दुसऱ्या भागाचे ते विलकॉक्स यांच्यासह संपादक झाले.

१९७४ चं 'ग्लोरिया' अमेरिकेतल्या ओमाहा इथल्या क्वायरसाठी लिहिलं. साथीला ऑर्केस्ट्रा नाही. चार ट्रम्पेट, तीन ट्रोम्बोन, एक ट्यूबा, तालवाद्यं आणि ऑर्गन. मोठा ऑर्केस्ट्रा न परवडणाऱ्या क्वायरलाही ते उभं करता येतं, म्हणून तिकडे त्यांना कायमचा गायकवर्ग मिळाला. १९७५ ते ७९ क्लेअर कॉलेजचे संगीत संचालक, मग पद सोडून पूर्णवेळ रचना. १९८१ मध्ये केंब्रिज सिंगर्स ही स्वतःची क्वायर, पाठोपाठ कलेजियम हे स्वतःचं रेकॉर्ड लेबल. म्हणजे रचना, छापील प्रत आणि नमुना ध्वनिमुद्रण तिन्ही क्वायरच्या हातात एकदमच पडायचं. १९८५ चं 'रेक्विएम', २०११ मध्ये राजघराण्यातल्या लग्नासाठी 'धिस इज द डे', २०२४ मध्ये 'सर' हा किताब, हे दोन वाक्यांत उरका.

'फार गोड लिहितात' ही टीका टाळू नका. मला ती अर्धवट वाटते. आल्टो आणि टेनरच्या ओळी वेगळ्या गाऊन बघा : प्रत्येकीला स्वतःची चाल आहे. एकाच स्वरावर ताटकळत ठेवलेला गायक त्यांच्याकडे क्वचितच सापडेल.

काळी_तीन :
'ब्लेस यू' ही रचना बरोबर निवडली आहे. ती रटर यांच्या शाळेतले संगीतशिक्षक एडवर्ड चॅपमन यांच्या स्मृतिसभेसाठी १९८१ मध्ये लिहिलेली. शब्द बायबलमधले, गणना ६:२४-२६. निवेदनात हे जरूर सांगा.

सहा फ्लॅट म्हणजे आपली काळी तीन. गायकांना त्याचं काही वाटायला नको, काळी तीनचा सा दिला की झालं. अडचण फक्त वादकाची आहे. त्यावर उपाय असा : कीबोर्डचा ट्रान्सपोज (पट्टी बदलायची सोय) उणे एक, म्हणजे अर्धी पायरी खाली करायचा आणि कागदावर सहा फ्लॅटऐवजी एक शार्प (स्वर अर्ध्या पायरीने चढवणारं चिन्ह) आहे असं समजून वाजवायचं. सगळे स्वर त्याच रेषांवर राहतात. गफलत मधल्या चिन्हांत होते : फ्लॅट स्वरासमोर नॅचरल (फ्लॅट रद्द करणारं चिन्ह) दिसलं तर शार्प वाजवायचा, डबल फ्लॅट दिसला तर साधा फ्लॅट, आणि एफ-फ्लॅट दिसला तर साधा एफ. ही ठिकाणं आधीच लाल पेन्सिलने खुणावून ठेवा. आणखी एक : वीज गेली की बहुतेक कीबोर्डांचा ट्रान्सपोज शून्यावर येतो. बॅटरी घालून ठेवा, आणि गाणं सुरू करण्याआधी स्क्रीनवरचा आकडा बघा.

दोन टेनरना जोर लावायला सांगू नका. आवाज फाटतो आणि स्वर वर चढतो. सात आल्टोंपैकी खर्ज चांगला असलेल्या दोघींना टेनरची ओळ द्या. चार बासमधला एक मात्र वर ढकलू नका, पाया पोकळ होतो.

सूर उतरतो तो लांब ओळीच्या शेवटी, श्वास संपत आला की. श्वास कुठे घ्यायचा ते पहिल्याच तालमीत कागदावर लिहून घ्या, आणि शेजारी-शेजारी उभ्या दोघांनी एकाच जागी श्वास घ्यायचा नाही. शेवटच्या 'आमेन'मध्ये आवाज एकमेकांवर येतात. तिथे मोजणी सुटते, म्हणून ते पान आधी बोलून, मग गाऊन बसवा. तानपुऱ्याचं ॲप फक्त सा-प पक्के करायला वापरा. त्यावर जुळणारा शुद्ध गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या पायरीचा शंभरावा भाग) खाली असतो, त्यामुळे दोन्ही एकदम लावले की गायक गोंधळतात.

उच्चार : 'फेस', 'ग्रेशस' यांतला 'ए' लांबवायचा आणि 'इ'कडे अगदी शेवटी वळायचं. 'पीस'चा 'स' सगळ्यांचा एकाच क्षणी, संचालकाच्या हातावर.

दुसरी रचना 'फॉर द ब्यूटी ऑफ दि अर्थ' घ्या. तिची दोन आवाजांची आवृत्तीही मिळते, म्हणजे टेनरचा प्रश्नच राहत नाही. 'रेक्विएम'ला यंदा हात लावू नका. त्याच्या छोट्या आवृत्तीलाही बासरी, ओबो, चेलो, टिंपनी, ग्लॉकनश्पील, हार्प आणि ऑर्गन लागतात.

हक्क_आणि_प्रती :
झेरॉक्स चालत नाहीत. रटर हयात आहेत, आणि भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. छापील प्रत गायकागणिक एक, म्हणजे २२ आणि वादक-संचालकांच्या दोन अशा २४ घ्या. डिजिटल प्रत घेतली तर जेवढ्या प्रतींचे पैसे भरले तेवढ्याच छापायच्या.

गायनाचं वेगळं आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीतल्या सादरीकरणाला सूट आहे, तशीच हौशी मंडळाने बिनतिकीट श्रोत्यांसमोर केलेल्या सादरीकरणालाही. तोच कार्यक्रम कालिदास कलामंदिरात तिकीट लावून केलात तर आधी सादरीकरणाचा परवाना बघावा लागेल. व्हिडिओ यूट्यूबवर टाकणं या सवलतीत बसत नाही.

आल्टो_नाशिक :
'ब्लेस यू'चे शब्द मराठीत बसवून गायचा विचार आहे. ओळी बायबलमधल्याच आहेत, मग त्यालाही परवानगी लागेल?

हक्क_आणि_प्रती :
लागेल. चाल रटर यांची आहे, आणि तिच्यावर नवे शब्द बसवणं म्हणजे रूपांतर. प्रकाशकाला आत्ताच लिहा. पत्रात रचनेचं नाव, मराठी शब्द, कार्यक्रमाची तारीख आणि प्रतींची संख्या द्या. उत्तर येईपर्यंत तालीम इंग्रजीतच ठेवा. तोवर कार्यक्रमात मराठी ओळी गाण्याआधी नुसत्या वाचता येतील.